हँग

"अप्पा, तुम्हीच काहीतरी भलतं दाबत असणार!"

स्लीपमधून उठला की लॅपटॉप हँग होतो, असं गोपाळरावांनी फोनवर सांगितलं की त्यांचा नातू ओजस दर वेळी असाच खेकसायचा. लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम त्यानंच बसवून दिली होती.

सुट्टीला सोलापूरला आल्यावर त्यानं स्वतः लॅपटॉप मिटून पुन्हा उघडला. स्क्रीन दिसत होती, पण माउस हलेना. शोधता शोधता कळलं, स्क्रीन चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर, त्यानंच चुकीचा टाकला होता. तो बदलल्यावर लॅपटॉप नीट चालू लागला.

"अप्पा, तुमचं काही चुकत नव्हतं. चूक माझीच होती," तो मान खाली घालून म्हणाला.

गोपाळरावांचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे की! मी तर भीतीनं स्कूटर चालवायचीसुद्धा सोडली होती रे."