जवळचा रस्ता

पनवेलच्या दवाखान्यातून दयारामला शेवटचं घरी न्यायला ॲम्ब्युलन्स नागावकडे निघाली, तेव्हा कमळ मागे त्याच्या उशाशी बसली होती. महिनाभर त्याने एकच धोशा लावला होता, 'एक रात्र तरी मला माझ्या घरात झोपू दे.' आता तो काहीच मागत नव्हता आणि कमळच्या डोळ्यांना पाणीही येत नव्हतं.

पुढे काचेला चिकटवलेल्या मोबाइलमधली बाई डावं-उजवं सांगत होती आणि नागावचाच ड्रायव्हर रघू तिच्या शब्दाबाहेर जात नव्हता. पेण सुटलं तसा धाकट्या दिराचा फोन आला.

"वैनी, तिरडी बांधून झालीय, मानसं जमलीत. फक्त दिवस बुडायच्या आत पोचा. काळोख पडला तर आज नेता यायचं न्हाय, सकाळपर्यंत दादाला घरातच ठेवायला लागंल."

"बरं," कमळ म्हणाली. चादरीवरची एक सुरकुती तिने हाताने सारखी केली.

दिराचा मोठा आवाज मधल्या खिडकीतून रघूपर्यंत पोचला होता. "काकी, तुमी काळजी करू नका," तो म्हणाला. "ही बाई जवळचा रस्ता दाखवतेय. उजेडातच पोचवतो तुमाला."

कमळ थोडा वेळ त्या बाईचं बोलणं ऐकत राहिली.



"रघू, तिला लांबचा रस्ता ठाऊक न्हाय का रे?"