चांदीचं कडं

समाजमंदिराच्या पन्नासाव्या वर्धापनदिनाला द्वारकामावशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. इथल्या किल्ल्यांचा जुडगा चाळीस वर्षं त्यांच्याकडेच होता. आज तो अध्यक्षांच्या हातात द्यायचा आणि उद्याच्या एसटीनं लेकीकडे कायमचं निघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. "आता मला मोकळं करा," हे वाक्य आठवडाभर देवापुढं बसून घोकलं होतं.

मंचावर एकेक जण आठवणी सांगत होता. "पूर आला तेव्हा मावशी तापानं फणफणल्या होत्या, तरी दार उघडायला आल्या!" टाळ्या. "माझ्या हळदीला तर बिचाऱ्या भरल्या ताटावरून उठल्या!" पुन्हा टाळ्या. मग साठे गुरुजी म्हणाले, "भावाच्या मातीला गेलेल्या मावशी संध्याकाळच्या भजनाला किल्ली घेऊन हजर!" सगळं सभागृह उभं राहिलं. त्या दिवशी वहिनीजवळ घटकाभरही बसले नाही, एवढंच मावशींना आठवलं.

अध्यक्षांनी त्यांना वर बोलावून शाल पांघरली. मावशींनी जुडगा पुढं केला, त्यांनी तो घेतला. क्षणभर हात हलका झाला. तेवढ्यात अध्यक्षांनी खिशातून चांदीचं कडं काढलं, त्यात एकेक किल्ली ओवली आणि जुडगा परत मावशींच्या मुठीत दिला. कड्यावर त्यांचं नाव कोरलं होतं.

"मावशी आहेत तोवर किल्ली मावशींकडेच! बोला दोन शब्द."

माईक तोंडाशी आला. मागं वाढपी बंद खोलीपाशी ताटकळले होते.

"ताटं आत आहेत," मावशी म्हणाल्या. "थांबा, उघडते."