अवजारांसकट

बाराव्या पायरीवर त्याचे पाय थांबले. वर अजून दोनशेच्या पुढे पायऱ्या होत्या आणि टॉवरच्या टोकाचा विझलेला लाल दिवा बदलून यायचा होता. वीस वर्षं त्यानं हेच काम केलं होतं. अंगापिंडाकडे बघून सगळे त्याला पहाड म्हणायचे, आणि हा पहाड शिडीवर खारीसारखा सरसर चढायचा. आज त्याला वरची पायरी धरायला हात सोडवेना.

खाली गाडीपाशी सेफ्टीवाल्या मॅडम मान वर करून उभ्या होत्या. सकाळीच त्यांनी त्याला अवजारांसकट काट्यावर उभं केलं होतं. सुरक्षेच्या पट्ट्याला एकशे वीस किलोच्या वर माणूस चालत नाही, तेही पान्या-पकडीसकट. हा नियम आला तेव्हा पहाड एकशे सदतीस भरला होता. मग पाच महिने त्याला गोदामात नटबोल्ट वाटायला बसवलं. आज काटा एकशे अठरावर थांबला आणि ऑफिसात टाळ्या पडल्या. कोणी पाठ थोपटली, कोणी हळूच वजन उतरवायच्या इंजेक्शनचं नाव विचारून घेतलं. साहेब म्हणाले, "आता चढा बिनधास्त!"

बिनधास्त म्हणे! डोस वाढवल्याला तीन आठवडे झाले होते आणि तेव्हापासून त्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. जेवणावरची वासना गेली होती, ते ठीक. त्यासाठीच तर दर रविवारी पोटात सुई टोचून घेत होता. पण आता बसल्या जागी छाती धडधडायची. दारावरची बेल वाजली तरी काहीतरी वाईट घडलंय असंच वाटायचं. बायको म्हणाली, "पोटात काही नाही म्हणून होतंय, दोन घास खा बघू." मेहुणा म्हणाला, "मनाचे खेळ सगळे." डॉक्टरांनी मात्र नीट ऐकून घेतलं. "होतं एखाद्याला. औषधाचं असेल, नसेलही. डोस खाली आणू आणि थोडे दिवस बघू."

थोडे दिवस कुठून आणायचे? महिनाअखेरीला काट्यावर पास झाला नाही, तर गोदाम कायमचं गळ्यात पडणार होतं. पुढच्या खेपेला त्यानं डॉक्टरांना "आता बरं आहे" असं ठोकून दिलं आणि डोस होता तेवढाच चालू ठेवला.

"काय झालं? का थांबलात?" खालून मॅडमचा आवाज आला.

"हूक अडकलाय!" तो ओरडला.

त्याच्या चार पायऱ्या खाली त्याचा जोडीदार होता. चौदा वर्षं दोघं बरोबर चढत होते. वरच्यानं आपला हूक शिडीला लावला की "लागला" म्हणायचं, आणि ते ऐकल्याशिवाय खालच्यानं पाय उचलायचा नाही, अशी त्यांची रीत. जोडीदारानं मान वाकडी करून वर बघितलं.

"मघाशी तू लागला म्हणालास ना?"

"म्हणालो."

"मग बघ जरा."

पहाडनं कमरेकडे बघितलं. हूक अडकला नव्हता, लागलाही नव्हता. मोकळाच लोंबत होता.

जोडीदार दोन पायऱ्या चढून आला आणि हात लांबवून त्यानं तो हूक शिडीला लावला. पहाडच्या कमरेला त्याचा खांदा टेकला होता. पहाडचं अंग थरथरतंय हे त्याला कळलंच असणार. तो खाली बघून ओरडला, "खाली येतोय आम्ही!"

जमिनीवर पाय टेकल्यावर जोडीदाराच्या तोंडाचा पट्टा सुटला. "किती दिवस चाललंय हे?"

"डोस वाढवल्यापासून."

"आणि मला आज कळतंय! अरे, मी तुझ्या खाली असतो. तू पडलास तर माझ्याच डोक्यावर येशील, एकशे अठरा किलो!"

"वजन उतरलं की सगळं सुरळीत होईल असं वाटलं रे." पहाडला स्वतःची चीड आली. त्या सुईची आली, नियमाची आली, सकाळच्या टाळ्यांची तर फारच आली. पाच महिने जीव मारून वर चढायची परवानगी मिळवली, आणि आता वर चढणारा माणूसच जागेवर नव्हता.

मॅडम हातातला बोर्ड सावरत आल्या. "हूक बदलून देऊ का? लगेच चढा पुन्हा. दुपारनंतर वारा वाढतो."

जोडीदार बाटली उघडून पाणी प्यायला लागला. पहाडनं नुसतं "द्या" म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यानं एकदा टॉवरकडे बघितलं, एकदा जोडीदाराच्या डोक्याकडे.

"हूक चांगला आहे, मॅडम. मीच घाबरलोय. हूक न लावताच लागला म्हणालो. औषधाचं आहे का माझंच आहे, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. डोस कमी करावा लागेल. आज माझ्याच्यानं होणार नाही."

मॅडमनी बोर्डावरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग मागून पुढून उलटून बघितला.

"वजन आहे, ब्लडप्रेशर आहे, बूट आहेत, पट्टा आहे," त्या म्हणाल्या. "घाबरलोय हे मी कुठे लिहू? याला रकानाच नाही."

पहाड पट्ट्याचं बक्कल सोडवत होता.

"मग वजनाच्या रकान्यात लिहा," तो म्हणाला.