बेचाळीसची कंबर

कुसुमवहिनींनी रेळेकर टेलरांचा उंबरा ओलांडला आणि नव्या यंत्राने नुसत्या नजरेनं माप घेऊन खणखणीत सांगितलं, "कंबर बेचाळीस!" वहिनी आल्या पावली परत गेल्या. आठवड्यातलं हे चौथं गिऱ्हाईक.

रेळेकरांनी यंत्र बसवून देणाऱ्या साहाय्य केंद्रातल्या मृणालला बोलावलं. "पोरी, वहिनींना मी दहा वर्षं अडतीस सांगतोय आणि बेचाळीसचं कापतोय. म्हणून तर दुकान चाललंय!"

"काका, यंत्र खोटं बोलत नाही," म्हणत मृणाल उंबऱ्याच्या आत आली.

"कंबर चाळीस!" यंत्र म्हणालं.

मृणालने मुकाट्याने यंत्र उघडलं. मग ते माप कमी करून सांगेल अशी सोय करायला लागली.

संध्याकाळी निरोप धाडून बोलावलेल्या वहिनी आल्या. यंत्र म्हणालं, "चौतीस! वाळलात हो वहिनी!"

वहिनी लाजून कापड निवडायला वळल्या, तेव्हा रेळेकरांनी यंत्राला हळूच दटावलं, "अरे, अडतीसच म्हण. फार कौतुक केलं की संशय येतो."