मरळ गेली कुठी?

चामोर्शीला शिक्षिका असलेल्या रुपालीने आपल्या मासेमारांच्या गावावर एक विनोदी रहस्यकादंबरी लिहिली, ‘मरळ गेली कुठी?’ तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मासळीचे वाटे पडताना दर वेळी एक मरळ गायब होते आणि शेवटच्या पानावर ती एका जाडजूड म्हातारीच्या पदरात सापडते. नाव बदललं होतं, तरी म्हातारी कोण हे सगळ्या गावाने ओळखलं. पाळीवर पुस्तकाचं वाचन झालं तेव्हा गावातला डोमाभाऊ हसून हसून लोळला.

“अवो गोकुळाबाई, पदर झटकून दाखवा ना जरा!”

गोकुळाबाईही हसली. पुढच्या वाटणीला मात्र ती पदर कमरेला घट्ट खोचून आली आणि वाट्यांपासून लांब, जांभळीखाली बसून राहिली. कोणी बोलावलं तरी जवळ आली नाही.

रुपालीला ते टोचलं. थोडी थट्टाच तर केली, असं स्वतःला समजावत ती आईच्या जागी वाटा घेऊन घरी आली. घरात जाळं टाकणारा माणूस नाही, म्हणून त्यांना अर्धाच वाटा मिळायचा. आईने टोपलीतले मासे वरखाली करून पाहिले आणि दाराकडे बघितलं.

“आज गोकुळाबाई नाई आली काय? तुहे बाबा गेल्यापासून दर खेपेले पदरातून एक मरळ आणून देते चुपचाप. रुपालीले सांगू नोको म्हणे, पोरीले लाज वाटन.”