झोप लागली का?

"झोप लागली का?" घरमालकिणीने विचारलं.

ताईंनी बटण दाबलं. पडद्यावर 'हो' उमटलं. घरमालकीण जिन्यातून बाजूला सरकली आणि दिवस सुरू झाला. दूधवाला घसरला, कुत्रं भुंकलं, पोस्टमनने चुकीचं दार वाजवलं. संध्याकाळी धरण फुटलं आणि गाव बुडालं. मग पुन्हा सकाळ, पुन्हा तोच जिना.

"झोप लागली का?"

हो.

धरण कोण फोडतं ते सापडेपर्यंत हा एकच दिवस परत परत जगायचा, असा तो गेम. बाजारात जाण्याआधी तो खेळून त्यातल्या चुका काढायच्या, हे ताईंचं काम. पहिल्यांदा गाव बुडालं तेव्हा त्यांना कसंसंच झालं होतं. आता गाव बुडायला लागलं की त्या तेवढ्यात चष्मा पुसून घेत.

साहेब आले. वयाने ताईंच्या धाकट्या भावाएवढे, पण साहेब.

"ताई, या म्हातारीचं संध्याकाळपर्यंत सांगा. ठेवायची की कापायची? रोज उठून तेच विचारते. लोक वैतागतील."

"वैतागतीलच," ताई म्हणाल्या. त्यांना स्वतःला वैताग आला नव्हता. सुरुवातीला येईल असं वाटलं होतं, मग तेही वाटेनासं झालं.

साहेब गेले आणि दाढी आला. गेमची गोष्ट त्याने लिहिली होती. त्याचं खरं नाव ऑफिसात फक्त पगार काढणाऱ्यांना ठाऊक असावं. सकाळपासून त्याच्या खेपा चालल्या होत्या. एकदा पाणी आणून दिलं, एकदा वायर सरळ केली. वायर सरळच होती.

"ताई, कापा म्हणू नका हं."

"का रे?"

"ते नाही सांगता येत."

ते खरं होतं. लिहिणाऱ्याने तपासणाऱ्याला काही म्हणजे काही सांगायचं नाही, असा तिथला नियम. सांगून सापडलं तर ते सापडलं असं धरत नाहीत.

"मग जागेवर जा बाबा. मानेवर श्वास लागतोय तुझा."

तो गेला आणि कॉफी घेऊन परत आला. ताईंनी रिमोट मांडीवर ठेवला आणि कप दोन्ही हातांत धरला. हात गार पडले होते.

"झोप लागली का?"

"हो," ताई म्हणाल्या. तोंडाने. दुपारी आईचा फोन आला की म्हणतात, अगदी त्याच आवाजात. जेवलीस का, आई विचारते. हो, ताई म्हणतात. बरं, असं म्हणून आई ठेवते. डबा तेव्हा पिशवीतच असतो.

बटण दाबलं नाही हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. उत्तर तर दिलं होतं. त्या कॉफी पीत बसल्या. घरमालकीण जिन्यात उभीच. ना दूधवाला, ना कुत्रं. अडकला वाटतं गेम, ताईंना वाटलं. चला, एक चूक सापडली. कप रिकामा झाला तरी ती तशीच उभी होती.

मग घरमालकिणीने भिंतीकडची खुर्ची ओढली आणि गुडघ्यांवर हात टेकून सावकाश बसली.

"नाही ना लागली," ती म्हणाली. "मलाही नाही लागत हल्ली. बस जरा."

एवढंच बोलली. तिच्यामागच्या खिडकीत दुपार झाली, संध्याकाळ झाली. धरणाची वेळ आली आणि गेली. धरण फुटलं नाही. ती आपली बसून होती.

ताईंनी मागे वळून न बघता विचारलं, "किती वेळ गप्प राहावं लागतं हिच्यापुढे?"

"बराच," दाढी म्हणाला. आता बोलायला हरकत नव्हती.

"एवढं कोण थांबणार आहे?"

"आजपर्यंत कुणी नाही थांबलं."

"मग लिहिलंस कशाला?"

दाढीने दाढी खाजवली. "कधी तिला बसावंसं वाटलं तर."

साहेब दारातूनच डोकावले. "काय मग ताई? मजा की कंटाळा?"

"कंटाळा."

"म्हणजे कापतो."

"नको. राहू दे तिला."

"अहो, आत्ताच तर कंटाळा म्हणालात..."

ताईंचा फोन वाजला. "आईचा आहे," त्या म्हणाल्या. आईचा म्हटल्यावर साहेबही थांबत नाहीत.

"जेवलीस का?"

पलीकडे नळ वाहत होता. आई फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवते आणि भांडी घासता घासता विचारते. ताईंच्या तोंडात 'हो' तयार होतं. आज ते बाहेर आलं नाही. मुद्दाम थांबवलं की आपोआप राहिलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"हॅलो?" आई म्हणाली. "हॅलो?"

एक भांडं भांड्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"गेला वाटतं फोन," आई म्हणाली. आता ती ताईंशी बोलत नव्हती. "असू दे. हो म्हणाली असेल."

नळाचं पाणी चालूच होतं. फोन बंद करायचं तिच्या लक्षात नव्हतं, किंवा हात ओले असतील. पडद्यावर घरमालकीण बसलेली होती. दाढी एकदम खाली वाकून वायर बघायला लागला.

"नाही जेवले," ताई म्हणाल्या.

पलीकडे नळ बंद झाला.