तंतोतंत

मॅडमनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेला टेकवले. उन्हात कागदांच्या आरपार दिसू लागलं. दोन रेषांची एकच रेष झाली होती.

त्यातली एक मुनीच्या संगणकातून आली होती. मॅडमची ही विद्यार्थिनी गरजेपुरतंच बोलायची, म्हणून सगळे तिला मुनी म्हणत. केसाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक लोखंडाचे कण गार करत नेले, तर त्यांचं चुंबकत्व कोणत्या तापमानाला थिजेल, हे तिनं नुसत्या गणितानं काढलं होतं. उणे एकशे तीस अंश. दुसरी रेष खालच्या प्रयोगशाळेत तेच कण प्रत्यक्ष मोजून आलेली. तीही उणे एकशे तीसच सांगत होती. शुक्रवारी शोधनिबंध पाठवायचा होता.

"मोजलेले आकडे तू आधी पाहिले होतेस?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"त्यांच्या मापानं गणित बेतलंस का?"

मुनीनं नुसती नकारार्थी मान हलवली. तिचे कान लाल झाले होते.

"हे बघ, तीस वर्षं झाली मला यात. गणित आणि प्रयोग एकमेकांच्या जवळपास येतात. असे गळ्यात गळे घालत नाहीत. बस इथे. प्रोग्रॅम उघड."

दोघी ओळ न् ओळ वाचत गेल्या. हा आकडा कुठून आला, तो कोणी सांगितला, मॅडम प्रत्येक ठिकाणी अडवत होत्या. मुनी वहीतलं पान काढून दाखवत होती. चहा निवून त्यावर साय धरली. आकडे बेतल्याची खूण कुठेच सापडेना. दुपार कलल्यावर मॅडमचं बोट एका ओळीवर थांबलं.

"पहिला कण दुसऱ्याला ओढतो, तो ओढा इथे धरलास. मग दुसरा पहिल्याला ओढतो, म्हणून परत धरलास. जोडी एकच आहे ना?"

मुनीनं ओळ पुन्हा वाचली. "दोनदा धरला गेला," ती म्हणाली.

ओळ दुरुस्त करून त्यांनी गणित पुन्हा चालवलं. पाऊण तासानं नवी रेष उमटली. उणे एकशे सत्तर.

"माझं चुकलं, मॅडम."

"चुकलं खरं. पण चोरलं नाहीस. मघाशी बोलले ते मागे घेते."

मुनीचा चेहरा काही खुलला नाही. ती काचेजवळच्या कागदांकडे बघत होती. "पण माझं गणितच चुकीचं होतं ना? मग मोजलेलं त्याच्याशी जुळलं कसं?"

मॅडमनी चष्मा काढला. "तुझा आलेख कोणाला दिला होतास?"

"दादासरांना. त्यांनीच मागितला होता, मोजायच्या आधी. नेमकं कुठे बघायचं ते कळेल म्हणाले."

खालची प्रयोगशाळा दादासरांची. ते मॅडमचे सख्खे थोरले भाऊ.

मॅडम एकट्याच जिना उतरल्या. दादासर टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक करत होते.

"काय चिमे, गेला का निबंध?"

"नाही. पोरीच्या गणितात चूक सापडली, दादा. आकडा चाळीस अंशांनी खाली सरकला."

दादासरांनी कागदावरचा भुसा फुंकला. "होतं असं. नवा आलेख पाठवून दे. गुरुवारपर्यंत मोजून देतो."

मॅडम उभ्याच राहिल्या. आधीच्या मोजणीचं काय, हे दादासरांनी विचारलंच नव्हतं.

"आलेख नंतर देते," त्या म्हणाल्या. "आधी तू मोज."

"अगं, कुठे बघायचं ते कळायला नको का?"

"सगळीकडे बघ. मी बसते इथे."

स्टूल ओढून त्या मोजणीच्या यंत्रासमोर बसल्या.

दादासर दुसरी पेन्सिल उचलून टोक करायला लागले. तिला टोक होतंच.